नवी शाळा, नवा वर्ग: पाचवी ते आठवीतील वर्गजीवन आणि शाळेविषयीची आपुलकी

जून महिन्याच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की महाराष्ट्रातील लाखो मुले नव्या इयत्तेत बसतात. त्यांतील बऱ्याच मुलांची इयत्ताच नव्हे, तर शाळाही बदललेली असते. कुणी चौथीपर्यंतची गावातली शाळा सोडून मोठ्या विद्यालयात पाचवीला येते, कुणी सातवी किंवा आठवी झाल्यावर माध्यमिक शाळेत जाते, तर कुणी आईवडिलांच्या कामामुळे दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून येते. वय साधारण दहा ते चौदा. या वयात मूल नव्या वर्गात रुळले की नाही, यावर त्याची हजेरी, अभ्यास आणि पुढे शाळेत टिकणे बरेचसे अवलंबून असते. शाळा आणि वर्ग ‘आपला’ वाटणे म्हणजे काय, ही भावना कशी तयार होते, कशामुळे बिघडते आणि घर व शाळा यांना त्यासाठी काय करता येते, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणासाठी नवी मुंबईतील महापे आणि त्याच्या आसपासचा परिसर घेतला आहे, कारण वर्गातील मुलांची सरमिसळ जितकी इथे दिसते तितकी राज्यात थोड्याच ठिकाणी दिसते.

हा टप्पा नेमका कोणता?

महाराष्ट्रात अनेक वर्षे पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी विभागणी रूढ होती. खासगी अनुदानित विद्यालये बहुतेक पाचवी ते दहावी अशी चालत आली आहेत. म्हणून मराठी घरांत ‘पाचवीला हायस्कूलला घातले’ असे आजही म्हटले जाते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवी हा स्वतंत्र ‘मध्य स्तर’ मानला आहे. कागदावरची रचना बदलली तरी जुन्या शाळा जुन्याच इयत्तांवर उभ्या असल्याने प्रत्यक्षात मुलाची शाळा कधी चौथीनंतर, कधी पाचवीनंतर, तर कधी सातवी-आठवीनंतर बदलते.

या टप्प्यात शाळेचे कामही वाढते. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे लागते, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. पहिली ते पाचवीसाठी सर्वसाधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक, तर सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी वेगवेगळे शिक्षक असावेत, अशी अपेक्षा आहे. मूल्यमापनही बदलते. आठवीपर्यंत ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ पद्धत असली, तरी राज्याने २०२३ मध्ये नियमांत बदल करून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. त्यात नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात ठेवता येते. पूर्वी चौथी आणि सातवीत होणारी शिष्यवृत्ती परीक्षाही मधली काही वर्षे पाचवी आणि आठवीत होत होती. नव्या शाळेत पाऊल टाकण्याच्या सुमारासच परीक्षेचे दडपणही मुलाच्या वाट्याला येते, ते असे.

महापे: एका बाकावर कोण कोण बसते?

महापे हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील मूळ गाव. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला घणसोली आणि कोपरखैरणे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे खाडीच्या पूर्वेला उभारलेली औद्योगिक वसाहत गावाला वेढून आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई शहर आकाराला येऊ लागले आणि १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. पुढे रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांच्या शेजारी मिलेनियम बिझनेस पार्कसारखी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आली.

या बदलांचा परिणाम शाळेच्या हजेरीपटावर दिसतो. अशा परिसरातल्या वर्गात आगरी-कोळी भूमिपुत्रांची मुले असतात, ज्यांच्या आजोबांनी भातशेती किंवा मासेमारी केली. सातारा, सांगली, अहिल्यानगर, बीड या भागांतून कारखान्यात किंवा माथाडी कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले असतात. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक आणि तेलंगणातून आलेल्या बांधकाम व खाण कामगारांची मुले असतात. डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांतलीही काही असतात. महापालिका मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. तिने केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळाही सुरू केल्या आहेत. तरीही एका वर्गातील मुलांच्या घरच्या भाषा, सणवार आणि डब्यातले पदार्थ यांत मोठे अंतर राहते.

दुसरी अडचण रस्त्याची. औद्योगिक वसाहतीतून शाळेत जाणाऱ्या मुलांना अवजड वाहनांच्या रस्त्याकडेने चालावे लागते. शाळा बदलली की बहुधा अंतर वाढते. कायदा पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे सांगतो. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने आधीच्या तिप्पट अंतर जावे, हे व्यवस्थेने धरूनच ठेवले आहे. ज्या मुलांना सोबत मिळते ती रोज येतात. एकट्याने जाणारी, विशेषतः मुली, पावसाळ्यात गैरहजर राहू लागतात. म्हणून शाळेत मित्र असणे ही इथे केवळ आनंदाची बाब नाही. शाळेत पोहोचण्याचा तो एक मार्गच आहे.

मुलाला काय बदललेले जाणवते?

चौथीपर्यंत एकच बाई किंवा गुरुजी दिवसभर वर्गावर असतात. त्यांना प्रत्येकाच्या घरची परिस्थिती माहीत असते. कोण उपाशी आले, कुणाचे घरी भांडण झाले, हे चेहऱ्यावरून कळते. पाचवी-सहावीनंतर दर तासाला शिक्षक बदलतात. प्रत्येकाची शिस्त वेगळी, वही तपासण्याची पद्धत वेगळी. वर्गशिक्षक असतात, पण तेही दिवसातून एक-दोन तासच वर्गावर येतात.

दुसरा बदल दर्जाचा. चौथीतले मूल आपल्या शाळेत सर्वांत मोठे असते, पहिलीच्या मुलांना रांगेत उभे करते. नव्या विद्यालयात तेच मूल सर्वांत लहान होते. मैदानावर आठवी-नववीची मुले असतात, नळावर त्यांचा नंबर आधी लागतो.

तिसरा बदल शरीर आणि मनाचा. याच वर्षांत वयात येणे सुरू होते. मुलींना पाळी येते, मुलांचा आवाज फुटतो, उंचीत मोठी तफावत पडते. इतरांना आपण कसे दिसतो याची जाणीव तीव्र होते. आईवडिलांच्या मतापेक्षा सोबत्यांचे मत मोठे वाटू लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि कॅरोल मिजली यांनी याच विसंगतीकडे लक्ष वेधले. ज्या वयात मुलाला जवळच्या प्रौढाचा आधार आणि स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक हवी असते, त्याच वयात शाळा मोठी, अनोळखी आणि अधिक नियमबद्ध होते. अनेक मुलांचा अभ्यासातील रस या काळात ओसरतो, त्यामागे केवळ ‘वय’ नसते. वय आणि शाळेची रचना यांचा मेळ न बसणे हेही कारण असते.

‘आपली शाळा’ म्हणजे काय?

शाळेविषयीची आपुलकी आणि शाळेचा अभिमान हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. अभिमान बाहेरच्यांसमोर व्यक्त होतो: दहावीचा निकाल, कबड्डीची ढाल, शाळेचे नाव. आपुलकी मात्र आतली असते. ‘मी आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल’, ‘माझे चुकले तरी मला हसणार नाहीत’, ‘इथे माझ्यासारख्या मुलाला जागा आहे’ अशा साध्या खात्रीतून ती तयार होते. ज्या मुलाला ही खात्री नाही, त्याला शाळेच्या ढालीचा अभिमान वाटावा अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

रॉय बॉमाइस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये ‘कुठेतरी आपले असणे’ ही माणसाची मूलभूत गरज आहे, अशी मांडणी केली. त्याआधी, १९९३ मध्ये, कॅरोल गुडनाऊ यांनी विद्यार्थ्याला आपण शाळेचा भाग आहोत असे किती वाटते, हे मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते. शाळेशी नाते वाटणारी मुले अधिक नियमित येतात आणि अभ्यासात अधिक प्रयत्न करतात, असे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे.

या भावनेवर थोड्या खर्चात परिणाम करता येतो, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात अकरा शाळांतील तेराशेहून अधिक सहावीची मुले होती. त्यांतील काहींना आधीच्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले गेले: सुरुवातीला आम्हालाही परके वाटले, भीती वाटली, पण हळूहळू ते कमी झाले. मग मुलांनी स्वतःच्या अनुभवावर थोडेसे लिहिले. हा उपक्रम वर्षातून केवळ दोनदा झाला. तरीही त्या मुलांची गैरहजेरी, शिस्तभंगाचे प्रकार आणि नापास होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. आपल्याला वाटणारी भीती आपल्या एकट्याची नाही आणि ती कायमची नाही, एवढे मुलांना कळले होते.

रोजच्या दिनक्रमात वर्ग कसा घडतो?

मराठी शाळेत सामूहिक जीवनाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा असा त्याचा साचा ठरलेला आहे. आज सर्व भारतीय भाषांत म्हटली जाणारी प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली. २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीतही शाळांत म्हटले जाते. परिपाठ नेहमीच्याच पाच हुशार मुलांनी चालवला तर बाकीच्यांसाठी ती केवळ उभे राहण्याची वेळ ठरते. तुकडीवार आणि हजेरी क्रमांकाने पाळी लावली, तर वर्षभरात प्रत्येक मूल एकदा तरी साऱ्या शाळेसमोर उभे राहते. नवीन आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात भाषण देण्याऐवजी तारीख आणि दिनविशेष वाचण्यासारखे छोटे काम दिले तर ते सोपे जाते.

वर्गातील जबाबदाऱ्या हा दुसरा घटक. मॉनिटर एकच असतो, पण फळा पुसणे, खडू आणणे, पिण्याच्या पाण्याची टाकी पाहणे, वाचनपेटीची नोंद ठेवणे, बागेला पाणी घालणे अशी कामे अनेक असतात. अनेक शाळांत मतदानाने ‘शालेय मंत्रिमंडळ’ निवडले जाते. त्यात मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री अशी पदे असतात. निवडणुकीची ओळख होते हा त्याचा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की अभ्यासात मागे असलेले पण व्यवहारात चोख असलेले मूल त्यात पुढे येऊ शकते.

तिसरा घटक मधली सुट्टी. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. केंद्राची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. उच्च प्राथमिक टप्प्यात रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. या आहाराचे सामाजिक मोलही तेवढेच आहे. सर्वांच्या ताटात तीच खिचडी आली की डब्यावरून होणारी तुलना थांबते. महाराष्ट्रात एकत्र जेवणाला शिक्षणाचा भाग मानण्याची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहू, राबू आणि जेवू लागली. वाशीचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय याच संस्थेचे आहे.

तुकडी, हाऊस आणि स्पर्धेची दुसरी बाजू

शाळेत ‘आपण’ तयार करण्याचा सोपा मार्ग म्हणजे गट पाडणे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत लाल, निळे, हिरवे, पिवळे अशी हाऊस असतात. ही पद्धत इंग्लंडच्या निवासी शाळांतून आली. मराठी शाळांत तेच काम तुकडी करते. ‘अ’ विरुद्ध ‘ब’ असा खो-खोचा सामना लागला की एरवी न बोलणारी मुलेही एकमेकांच्या नावाने ओरडू लागतात.

पण स्पर्धेने जोडलेला गट समोरच्या गटाला तोडूही शकतो. मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर घेतले. दोन गट केले, त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच शिवीगाळ, झेंडा जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाड टाकणे असे प्रकार सुरू झाले. दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवून भांडण मिटले नाही. पाणीपुरवठा बंद पडणे, अडकलेली गाडी ओढणे, अशा दोन्ही गटांनी मिळूनच सुटणाऱ्या अडचणी पुढे आल्यावर वैर ओसरले. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, कारण संशोधकांनीच भांडणाला पोषक परिस्थिती तयार केली होती. शाळेसाठी धडा मात्र तोच राहतो: प्रत्येक सामन्याबरोबर सर्व तुकड्यांनी मिळून करायचे एखादे कामही हवे.

तुकड्या गुणांवरून पाडल्या तर नुकसान अधिक होते. हुशारांची ‘अ’ आणि उरलेल्यांची शेवटची तुकडी अशी विभागणी झाली की शेवटच्या तुकडीतले मूल स्वतःविषयीचा निकाल जूनमध्येच ऐकते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ या २००२ मधील चित्रपटाचा विषय हाच होता. नव्या मुलांच्या तुकड्या पाडताना मुलगे-मुली, जुनी शाळा, घरची भाषा आणि आधीची प्रगती यांची सरमिसळ केली तर हा प्रश्न बराच टळतो. मात्र एकाच जुन्या शाळेतून आलेल्या दोन-तीन मुलांना एका तुकडीत ठेवणे चांगले, म्हणजे पहिल्या दिवशी कुणीच अगदी एकटे पडत नाही.

भाषेचा प्रश्न

पाचवीच्या मुलाला वर्गात हसू येते ते बहुधा दुसऱ्याच्या बोलण्याचे. आगरी बोलीत ‘पाणी’ ‘पानी’ होते, ‘डोळा’ ‘डोला’ होतो, ‘घोडा’ ‘घोरा’ होतो. मराठवाड्यातून किंवा उत्तर भारतातून आलेल्या मुलाचा हेल वेगळा असतो. शिक्षकांनी भर वर्गात ‘नीट बोल’ म्हटले की मूल नीट बोलायला शिकत नाही, ते गप्प बसायला शिकते. मग त्याला उत्तर येत असूनही हात वर होत नाही आणि शिक्षकांना ते ‘कच्चे’ वाटू लागते.

बोली ही चूक नव्हे. एकाच वस्तूला वर्गातील प्रत्येकाच्या घरी काय म्हणतात, याची यादी फळ्यावर लिहिली तर तोच मराठीचा चांगला पाठ होतो. लेखनात प्रमाण मराठी आणि बोलण्यात मोकळीक, अशी वाटणी मुलांना सहज समजते. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारीण आजीला एखाद्या शनिवारी वर्गात बोलावले, तर ज्या मुलाला आपल्या बोलीची लाज वाटत होती, त्याच्या घरची गोष्ट वर्गाची होते. २०२४-२५ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू झाला. अशा कामांसाठी तो तास उपयोगी पडतो.

संमेलन, सहल आणि खर्च

स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, हस्तलिखित, सहल आणि लेझीम पथक ही शाळेची आठवण तयार करणारी ठिकाणे आहेत. पण यांतील बऱ्याच गोष्टींना पैसे लागतात. नृत्याचा भाड्याचा पोशाख, सहलीची वर्गणी, वाढदिवसाची चॉकलेटे यांवरून वर्गात दोन थर पडतात. सहलीच्या दिवशी ‘ताप आला’ म्हणून घरी राहिलेल्या मुलाला खरोखरच ताप असतो असे नाही. सर्वांना परवडेल अशी जवळची सहल, शाळेच्या गणवेशातच होणारे समूहगीत किंवा वर्गाने मिळून लिहिलेले हस्तलिखित यांत कुणी वगळले जात नाही.

आर्थिक अंतर असलेली मुले एकत्र वाढली तर श्रीमंत मुलांचे नुकसान होते, अशी भीती काही पालकांना वाटते. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांच्या निमित्ताने ती अनेकदा व्यक्त होते. गौतम राव यांनी दिल्लीतील उच्चभ्रू शाळांचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. मात्र हा परिणाम एकत्र अभ्यास करणे, खेळणे अशा प्रत्यक्ष सहवासातून येतो. एका वर्गात बसवून वेगळे बाक दिले तर तो येत नाही.

आपुलकी नसल्याची लक्षणे

नव्या शाळेत पहिले काही आठवडे अस्वस्थ जाणे स्वाभाविक आहे. ते लांबले तर पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे:

• सोमवारी किंवा ठरावीक तासाच्या दिवशी वारंवार पोटात दुखणे, डोके दुखणे
• वह्या, डबा, पैसे वारंवार हरवणे किंवा फाटलेले दप्तर
• वर्गातील एकाही मुलाचे नाव घरी न निघणे
• दिवसभर स्वच्छतागृहात न जाणे आणि त्यासाठी पाणी न पिणे
• आधी आवडणारा विषय अचानक नकोसा होणे

यांतील शेवटून दुसरे लक्षण मुलींमध्ये अधिक दिसते. स्वच्छतागृहाला कडी नसेल, पाणी नसेल किंवा पाळीच्या दिवसांत विल्हेवाटीची सोय नसेल, तर शाळेवर कितीही प्रेम असले तरी मुलगी घरी राहते. इथे समजावण्याचा नव्हे, दुरुस्तीचा प्रश्न असतो.

चिडवणे आणि छळ यांतील फरकही ओळखावा लागतो. दोन्ही बाजू हसत असतील आणि पाळीपाळीने चिडवत असतील तर ती थट्टा. एकच मूल रोज लक्ष्य होत असेल आणि त्याला थांबवता येत नसेल तर तो छळ. जात, रंग, वजन, बोली किंवा परप्रांतीय असणे यांवरून होणारे चिडवणे बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडते. शिक्षकांकडून होणारी शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी घातली आहे.

सर्वांत मोठा धोका हळूहळू येतो. कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांसाठी आणि आठवीपर्यंत आहे. शाळा सोडण्याचे प्रमाण त्यानंतरच्या माध्यमिक टप्प्यात वाढते. नववीत शाळा सुटलेले मूल त्या वर्षी अचानक दूर गेलेले नसते. सहावीत तो मागच्या बाकावर सरकलेला असतो, सातवीत त्याची हजेरी तुटक झालेली असते. औद्योगिक परिसरात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला गॅरेज, टपरी किंवा गाडीवर काम मिळणे अवघड नसते आणि मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायचे काम घरातच असते. बाहेर ओढणाऱ्या या गोष्टी आहेतच. मुलाला शाळेत धरून ठेवणारा एखादा शिक्षक किंवा दोन मित्र आहेत की नाहीत, यावर बरेच ठरते.

शाळेला काय करता येते?

पहिल्या दिवसाच्या प्रवेशोत्सवात गुलाबाचे फूल आणि मोफत पाठ्यपुस्तके मिळतात. खरी गरज त्यानंतरच्या सहा आठवड्यांची असते. वर्गशिक्षकांनी पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाचे नाव अचूक उच्चारणे, सातवी-आठवीतील एका मुलाला दोन नव्या मुलांचा ‘सोबती’ नेमणे, बाकावरील जागा दर पंधरा दिवसांनी बदलणे आणि गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन करणे, यांतल्या कशालाही निधी लागत नाही. एकाच रस्त्याने येणाऱ्या मुलांचे गट करून त्यांना एकत्र येण्याजाण्याची सवय लावली तर सुरक्षितता आणि मैत्री दोन्ही साधतात.

वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाकडे विशेष लक्ष हवे. स्थलांतरित कुटुंबांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो. तो नाही किंवा उशिरा मिळाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार इयत्ता देऊन मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष शिकवणी देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

तक्रारीसाठी शाळेत तक्रारपेटी असते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ मध्ये राज्याने ‘सखी सावित्री’ समित्यांची व्यवस्था केली. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली असेल तर तीत चिठ्ठी पडत नाही. ती मुलांची सहज ये-जा असलेल्या जागी हवी.

पालकांना काय करता येते?

‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येते. ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलास?’ असे विचारले तर अधिक कळते. मुलाच्या दोन वर्गमित्रांची नावे आणि त्यांच्या घरचा एखादा फोन नंबर माहीत असणे उपयोगाचे ठरते. पाळीत काम करणाऱ्या पालकांना सभेला जाणे जमत नाही. अशा वेळी वर्गशिक्षकांना भेटण्याची दुसरी वेळ मागून घ्यावी. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. स्वच्छतागृह, पाणी, शाळेसमोरचा गतिरोधक असे विषय तिथे मांडता येतात. मूल संकटात असल्यास १०९८ या मोफत हेल्पलाइनवर कधीही मदत मागता येते.

नव्या शाळेत रुळायला कुणाला पंधरा दिवस लागतात, कुणाला पूर्ण सत्र. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या २०१४ मधील मराठी चित्रपटात वडिलांच्या निधनानंतर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या शाळेत आलेला चिन्मय असाच हळूहळू रुळतो आणि रुळला की पुन्हा बदलीची वेळ येते. महापेसारख्या भागात, जिथे काम संपले की कुटुंब हलते, अनेक मुलांची गोष्ट तीच आहे. मूल या शाळेत किती वर्षे राहणार, हे शाळेच्या हाती नसते. जेवढे दिवस ते पटावर आहे तेवढे दिवस त्याची जागा ठरलेली असावी आणि ते आले नाही तर कुणीतरी त्याची चौकशी करावी, एवढे मात्र प्रत्येक वर्गाला जमण्यासारखे आहे.